ना हरकत

हटवार वकिलांच्या दाराशी चपला काढायची पद्धत होती.
मी चार वर्षं काढल्या.
आत कूलर, काचेमागे कायद्याची लाल पुस्तकं,
प्रार्थनेला उभी केल्यासारखी एका उंचीची.
"होऊन जाते नं, सायत्राबाई. बाजू तुमचीच खरी हाये."
साकोलीहून परतताना मी ते 'होऊन जाते'
पदराच्या गाठीत आणायची
आणि सोसायटीच्या त्रेचाळीस घरांत
साखरफुटाण्यासारखं वाटायची.

भांडण तलावाचं.
लीज आमची, पावत्या आमच्या पेटीत,
जाळं टाकणारा तिसराच,
पांढऱ्या गाडीतून येणारा.
ढिवराच्या बाईनं पाळीवर उभं राहून
दुसऱ्याच्या टोपल्या मोजायच्या.
मोजल्या.

वकिलांकडची मासोळी मात्र चुकली नाही.
तारखेला मरळ, आखाडात झिंगे,
तीही बाजारातून विकत घेऊन,
आमच्याच तलावाची,
भाव न करता.

"समोरचा तारीख मागते, त्याले मी काय करू?"
असं हटवार म्हणायचे,
आणि मी येष्टीच्या खिडकीशी बसून
समोरच्याच्या सात पिढ्या उद्धरत घरी यायची.

कोर्टाच्या फाटकाजवळ उरकुडा टायपिस्ट बसते.
एकदा कागद लावता लावता, वर न पाहता म्हणाला,
"मावशी, रोजनाम्याची नक्कल काढून पाह्य."
काढली. सातवी पास आहे मी,
बोट ठेवत वाचते.
चौदा तारखा.
त्यातल्या अकरांपुढे एकच ओळ,
वादीच्या वकिलांनी मुदत मागितली.
वादीच्या वकिलांनी मुदत मागितली.
"वादी म्हणजे कोण रे, उरकुडा?"
त्यानं यंत्रावरचे हात उचलले.
"वादी म्हणजे तुमी, मावशी."

त्या रात्री कोणाच्या घरी काही वाटलं नाही.

निंबार्ते वकिलांच्या खोलीतला पंखा फिरत नव्हता.
कागद उडतात, म्हणाले.
सगळी फाईल वाचली त्यांनी, मी समोर बसून असताना,
दीड तास, मधे एकदा पाणी प्याले.
मग म्हणाले, "हराल बी तुम्ही. आत्ताच सांगून ठेवतो.
नकाशा कुठंय?"
नकाशा होता,
शेजारच्या गावच्या तलावाचा.
चार वर्षं आम्ही दुसऱ्याच पाण्यासाठी भांडत होतो.

रविवारी ते मोटरसायकलवर आले,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाळीवरून चालले,
तुडुमाशी थांबले, कोणत्या साली बांधलं, विचारलं,
म्हाताऱ्या डोमाजीला बोलतं केलं.
जाताना मी पिशवी पुढे केली.
"मी मासोळी खात नाही," ते म्हणाले,
"फी द्या, पावती घ्या."
आमच्यातला कोणीतरी हसला. मग सगळेच.

पण आधीचा वकील सोडायचा
तर त्याचीच ना हरकत लागते.
गेले. त्या दिवशीही चपला काढल्या,
सवयच ती.
हटवार दुखावले. "इतक्या वर्षांचा संबंध, बाई."
राहिलेले तीन हजार मोजून घेतले,
कागद ओढला, न वाचता सही केली.
चार वर्षांत माझं एक काम
त्यांनी एका दिवसात करून दिलं.

परवा पुकारा झाला.
निंबार्ते उभे राहून बोलत होते,
माझ्या डोक्यावरून जात होतं,
तेवढ्यात मधेच ऐकू आलं, तुडुम.
साहेबांनी पेन थांबवलं.
"तुडुम म्हणजे?"
वकील मागे वळले, माझ्याकडे हात केला.
मी उभी राहिले.
पाणी सोडायचं दार, साहेब,
असं सांगायचं होतं मला,
पण मी तुडुमच सांगत बसले,
किती पायऱ्या, कोणत्या पायरीशी बोटरी सापडते,
कोणत्या पायरीवर माझ्या सासूनं
पहिलं जाळं हातात दिलं.
साहेबांनी ऐकून घेतलं. काय लिहिलं, माहीत नाही.

पुढची तारीख तेरा.
या वेळी समोरच्यानं मागितली.
मी रोजनामा पाहूनच
येष्टीत बसले.