त्र्याहत्तरावा दात

हेल्मी बाईंनी फळ्यावर लिहिलं चौऱ्याऐंशी,
खाली रेघ, रेघेखाली एकशे सव्वीस.
"फोडा," म्हणाल्या, जशी वाटाण्याची शेंग फोडावी.
वर निघाले दोन, दोन, तीन, सात.
खाली दोन, तीन, तीन, सात.
ज्याला जोडीदार सापडेल त्याला काट.
बाईंच्या बाहीवर खडूची भुकटी,
आणि एवढ्या गर्दीतून उरले
वर दोन, खाली तीन.
मला वाटलं, सगळं असंच सुटत असणार.

घरी आले तर पवनचक्की थांबलेली.
सारेमा बेटावर वारा सुट्टी घेत नाही,
म्हणजे बाबांनीच पाती बांधली होती.
मोठ्या चाकाला बहात्तर लाकडी दात,
लहानाला चोवीस.
मी वहीवर काटाकाटी केली: तीन छेद एक.
"किती सोपं, बाबा!"

बाबांनी कंदील खाली धरला.
लहान चाकाचा एक दात चिरलेला,
आणि मोठ्याचे तीनच झिजलेले,
नेमके तेच तीन, चोवीस-चोवीस घरांवर.
"रोज हेच एकमेकांना भेटतात, माइमू.
बाकीच्यांची तोंडओळखसुद्धा नाही."

एक दात वाढवायचा ठरला.
बहात्तर पाडणं सोपं असतं:
निम्मं, निम्म्याचं निम्मं, पुन्हा निम्मं,
मग प्रत्येकाचे तीन, त्यांचे परत तीन.
त्र्याहत्तर कशालाच दाद देईना.
तीन रात्री बाबा कडेवरून कंपास चालवत राहिले.
फेरी संपली की नखाएवढी फट उरायची.
ती त्र्याहत्तर जणांत वाटायची,
आणि पुन्हा पहिल्यापासून.
आईनं दोनदा सूप गरम केलं,
तिसऱ्यांदा नाही केलं.

सफरचंदाचं लाकूड, मेणात मुरवलेलं.
शेवटचा दात ठोकून म्हणाले,
"आता कर सोपं."
मी दोननं पाहिलं, तीननं, पाचनं, सातनं.
त्र्याहत्तर फुटेना.
चोवीस फुटलं, पण त्याच्या एकाही तुकड्याला
वर कुणी नव्हतं.
"होत नाही," मी रडवेली.
"मग झालं," म्हणाले,
आणि पात्यांची दोरी सोडली.

मी दोन दातांना खडू लावला होता.
लहान चाकाच्या त्र्याहत्तर फेऱ्या मोजल्या,
तेव्हा ते दोघं पुन्हा समोरासमोर आले,
मधे सगळ्यांना एकेकदा भेटून.
तोवर खडू जवळजवळ पुसला होता.

वहीत तो अपूर्णांक मी तसाच लिहिला.
बाईंनी बराच वेळ पाहिला.
लाल पेन्सिल उचलली,
काट मारली नाही.