नड

सव्वीस वर्षं मी यार्डात काटा बघतो.
बटाटा, कांदा, थंडीत रताळं.
पोतं चढलं की आकडा, आकडा आला की चिठ्ठी.
दलाल ओरडतो मराठीत, हमाल शिव्या घालतात कानडीत,
काट्याला दोन्ही कळत नाही.

दुपारी गर्दी ओसरली की मी स्वतः चढायचो.
एकशे चार.
पोरं म्हणायची, भरमाण्णा, दोन पोती,
वर चार किलो सूट.
मीही हसायचो.
हसताना आधी पोट हलायचं, मग मी.

त्या उन्हाळ्यात तळपायांना मुंग्या आल्या,
रात्री तीनतीनदा उठणं,
आणि डॉक्टर हुक्केरीबाईंच्या टेबलावर
माझ्या रक्ताचा कागद:
तीन महिन्यांची साखर आठ पूर्णांक चार.
लिव्हरवर चरबी.
बाईंचं मराठी यार्डाबाहेरच्या रस्त्यासारखं,
मध्येच उखडतं.
उखडलं तिथं त्या म्हणाल्या,
गोळी चालूच. पण नडीरी. दिना नडीरी.

कानडीत नड म्हणजे चाल.
आमच्यात नड म्हणजे अडचण.
शेवंताला म्हटलं, बाई बरोबर बोलल्या,
दोन्हीकडून.

व्हॅक्सिन डेपोची झाडं पहाटे साडेपाचला
अजून झोपेत असतात.
पहिल्या दिवशी अर्धी फेरी, मग बाकडं.
मांड्या घासून सोललेल्या, त्यावर खोबरेल.
ट्रॅकपँटीतली दोन पोरं वळून बघून गेली,
काय बोलली ऐकू आलं नाही,
भाषा मात्र माझीच होती.
संध्याकाळी घरी खुर्चीवरून ऊठ, बस, ऊठ,
छातीशी रताळ्यांची पिशवी, दहा किलो,
मीच तोललेली, त्यामुळे फसवायची सोय नाही.

बाईंनी इन्सुलिनचं समजावलं, मला यार्डातलं कळलं.
गेटबाहेर साखरेच्या लॉऱ्यांची रांग,
आत हमाल झोपलेले,
चिठ्ठीवर चिठ्ठी जाते, कोण उठत नाही.
चाललं की मांडीतले हमाल जागे होतात,
चिठ्ठीची वाट न बघता
माल उतरवून घेतात.
दुसऱ्या दिवशीही थोडे जागे असतात.
मग पुन्हा डोळे मिटतात, म्हणून दिना.

तीन महिन्यांनी काट्यावर चढलो.
एकशे तीन आणि दोनशे ग्रॅम.

बूट खडेबाजारातून घेतलेले, सोळाशे रुपयांचे.
आठशे ग्रॅमला सोळाशे.
किलोला दोन हजार, असला भाव
आमच्या यार्डात आजवर कशाला लागला नाही.
रागानं त्या दिवशी कुंदा आणला, पावशेर,
उभ्यानंच खाल्ला.

बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला.
साखर सहा पूर्णांक नऊ.
रक्तातली चरबी दोनशे साठवरून एकशे सत्तर.
बीपी खाली. पट्ट्याला आत नवं भोक,
ते मीच खिळ्यानं पाडलेलं, आणि विसरलेलो.
मी म्हटलं, पण काटा?
बाई म्हणाल्या, काटा एकच प्रश्न विचारतो.

हे मला कुणी सांगायचं?
आतून सडलेल्या बटाट्याचं पोतं आणि काल काढलेल्याचं,
काटा दोघांना पन्नासच म्हणतो.
म्हणून तर व्यापारी सुरी खुपसून बघतात.
सव्वीस वर्षं ती सुरी माझ्यासमोर चालली.

गणपतीत अकरा दिवस गेलो नाही.
बोटाला टोचलं तर यंत्र लगेच बोललं.
गुडघा उजवा अजून दुखतो, जिना चढताना शिव्या निघतात,
कानडीतच, त्या जास्त पुरतात.
पोरं अजून सूट विचारतात.
मी आता दुपारी काट्यावर चढत नाही, असं नाही.
चढतो. बघतो. उतरतो.

आज धुक्यात समोरून ते म्हातारे आले,
लोकरी टोपी, हातात काठी, नाव ठाऊक नाही.
रोजच्यासारखं जाताजाता म्हणाले,
नडीरी, नडीरी.

म्हटलं,
नडतोय की.