बोटांमधली पेन्सिल

हल्डा विन्सर शिकवायला बसली की
आधी माझ्या डाव्या हाताच्या बोटांतून
एक पिवळी पेन्सिल ओवायची.
तर्जनीच्या वरून, मधल्या बोटाच्या खालून, पुन्हा वर.
"आता धर विमान."
मूठ आवळली की पेन्सिल हाडात रुतते.
लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर तेवीस हिवाळे
तिने माणसांना असं सैल व्हायला शिकवलं.

ढगात शिरण्याआधी बोलून घे, म्हणायची.
कुठली धावपट्टी, कुठल्या उंचीवर निर्णय,
नाहीच दिसली तर कुठे वळायचं.
आत गेल्यावर तोंडाला कोरड पडते
आणि कोरड्या तोंडातून शहाणपण फुटत नाही.

बीकनची टिकटिक पूर्ण ऐक, डॅश न् डॉट.
अर्धवट ओळखीवर आपण दारसुद्धा उघडत नाही,
तू तर अख्खं विमान हवाली करतोयस.

थंडीचा हिशोब कर.
उणे तीसमध्ये हवा अंग चोरून बसते
आणि उंचीमापक थापा मारतो,
असतोस त्याहून वर आहेस म्हणतो.
तेवढ्या फरकात एखादी टेकडी आरामात मावते.

आणि कान.
कानाच्या आत बारीक खडे असतात,
तोल त्यांच्या ताब्यात.
जमीन दिसते तोवर इमानी.
ढगात मात्र सरळ चाललेल्याला म्हणतात, कलंडलास;
कलंडलेल्याला म्हणतात, छान चाललंय.
त्यांचं ऐकलेल्यांची नावं तिला पाठ होती.
मला तिने दोनच सांगितली.
त्या दिवशी मी कानाला खडा लावला,
कानातल्या खड्यांचं ऐकणार नाही म्हणून.

फेब्रुवारी. हल्डा निवृत्त होऊन चार वर्षं झालेली.
उत्तरेच्या एका गावातून, उजेड संपता संपता,
म्हाताऱ्या बोआस आंगनातोकला घेऊन निघालो.
खुब्याचं हाड मोडलेलं. सोबत नर्स,
आणि एक पिशवी, तिच्यात त्याच्या बायकोने दिलेला सुका मासा;
सगळ्या विमानाला वास.
गूझ बेवर बर्फ भुरभुरत होतं, खाली धुकं.

पहिल्यांदा उतरत गेलो.
दिव्यांचा झोत बर्फावरून उलटा डोळ्यात आला,
क्लेटनने विझवला.
सुया मध्यावर. सुई हलली की तिच्यामागे धावायचं नाही,
नखभर सुधारायचं, मग थांबायचं.
"अजून शंभर," क्लेटन म्हणाला.
मग, "निर्णय."

काचेबाहेर काही नव्हतं.
नव्हतं असंही नाही: डावीकडे
राखेत निखारा दिसावा तसं काहीतरी.
हात म्हणाला, अजून वीस फूट.
नुसते वीस.

ज्यांची नावं हल्डाला पाठ होती
ते सगळे त्या वीस फुटांत राहतात.

थ्रॉटल पुढे. नाक वर.
क्लेटनने टॉवरला सांगितलं, आवाज जरा चिरकला.
दुसऱ्यांदा आलो. निखाराही नाही.
तिसऱ्यांदा यायचं नाही हे निघतानाच ठरलं होतं,
म्हणून इंधन हातचं राखलेलं.
वॉबुशला चांदणं आहे, रेडिओ म्हणाला.
सव्वा तास.

मागून बोआसने विचारलं, पोचलो का?
मी म्हटलं, नाही. परत फिरलोय.
बराच वेळ तो गप्प.
मग म्हणाला, समुद्राच्या बर्फावरून
मीही असाच परत फिरायचो. रिकामी स्लेज घेऊन.
कुत्र्यांना अजिबात आवडायचं नाही.

ढगांच्या वर आलो तेव्हा चंद्र होता.
क्लेटनने पहिल्यांदाच हात मांडीवर ठेवला,
बोटं उघडायला त्याला वेळ लागला.
मी खिशातून पेन्सिल काढली.
रंग उडालाय, टोक कधीच झिजलंय,
मागच्या बाजूला कुणाच्या तरी दातांच्या खुणा,
माझ्या नाहीत.

"हे काय?"
धर, म्हटलं. आता इथून पुढे तू चालव.