बाराला नऊ कमी

शारजा, इंडस्ट्रियल एरिया, दहा नंबर.
दिवसभर आम्ही दारं करतो,
कुणाच्या तरी व्हिलाची, माझ्यापेक्षा दीड हात उंच.
सहानंतर करवतीखालची पेटी माझी.
फोरमन थॉमसकुट्टींनी तसं तोंडी दिलंय:
वीतभर उरेल ते तुझं, हातभर उरेल ते कंपनीचं.

वीतभरात अक्रोड असतो, मेपल असतो,
सपेली असते, जिला मोफिज अजून महोगनीच म्हणतो.

आमच्या घरी काठवट होती, एका बुंध्यातून कोरलेली.
बुंधा कुठून आणू इथे?
इथलं झाड राऊंडअबाऊटवर,
ठिबकच्या नळीला तोंड लावून उभं.

म्हणून तुकडे.
बारा तुकड्यांचं एक कडं,
प्रत्येकाची दोन्ही तोंडं पंधरा अंशांत कापलेली.
पंधरा म्हणजे पंधरा.
पाव अंश चुकला तर पहिल्या सांध्यात दिसत नाही,
दुसऱ्यात नाही, सातव्यातही नाही,
चोवीस काप मुकाट सांभाळून घेतात
आणि बारावा तुकडा बसवायला जावं
तर सहा अंशांची फट, आ वासून.

पहिल्या वर्षी मी ती भुशाने आणि सरसाने बुजवायचो.
लेथने वेग धरला की वाडगा सुटायचा.
एकदा ट्यूबलाइट गेली.
एकदा मोफिजचा चहा, ग्लासासकट.

मग कळलं, कडं एका दमात मिटवायचं नसतं.
सहा इकडे, सहा तिकडे,
मधल्या दोन सांध्यांत काडेपेटीच्या काड्या, कोरड्या,
बाहेरून जुबिली क्लिप आवळून रात्रभर ठेवायचं.
सकाळी दोन्ही अर्धी सोडवून
काचेवरच्या पॉलिशपेपरवर त्यांची तोंडं घासायची,
उजेड आरपार दिसेनासा होईपर्यंत.
चूक भुशात जाते.
भुसा मी दारासमोर झटकतो,
वाळूत तो लगेच ओळखूही येत नाही.

एकावर एक नऊ कडी, विटांच्या बांधणीने,
सांध्यावर सांधा येऊ न देता.
एकशे आठ तुकडे.
मोफिजने तसबी काढून मोजून बघितलं, नऊ जास्त भरले.

ऑगस्टात खल्फान आला, दारांची ऑर्डर द्यायला.
मी स्क्रू ठेवतो तो वाडगा उचलून
उलटा करून त्याने बुडाकडे पाहिलं. स्क्रू सांडले.
गाडीतून एक काळं लाकूड आणलं.
बापाच्या बोटीची बरगडी, म्हणाला. बोट मोडून झाली.

कापलं. आधी माशाच्या तेलाचा वास,
त्याखाली साग.
मी लगेच ठरवून टाकलं, आमच्याकडचाच,
बांद्याच्या मागच्या डोंगरातला.
इतक्यात पाते खिळ्याला लागलं, दोन दात गेले.
भोक असलेला तुकडाही घेतला, पाचव्या कड्यात.

वाडगा न्यायला बापालाच घेऊन आला.
म्हातारा नाखुदा, डोळे गेलेले.
आमच्याकडे नाखवा म्हणतात, मी म्हटलं. तो हसला.
बोटं काठावरून उतरली, अक्रोड, मेपल, पुन्हा अक्रोड,
पाचव्या कड्यावर थांबली.
भोकात त्याने करंगळीचं नख घातलं
आणि बराच वेळ काढलं नाही.
कालिकत, म्हणाला.
माझा डोंगर मी गुपचूप खाली ठेवला.

मग विचारलं त्याने, गोदीतल्या जुन्या हिंदीत,
पानी रुकेगा?
नाही बाबा, खजुराला आहे, पाण्याला नाही.
मग बोट नाही ही, म्हणाला,
आणि वाडगा काखेत मारून निघाला,
मुलाच्या पुढे, उंबऱ्याला न अडखळता.

खल्फानने दोनशे दिले. मी शंभर परत केले,
त्यातले पन्नास त्याने मोफिजला दिले, ग्लासासाठी,
ती गोष्ट त्याला कोणी सांगितली कळलं नाही.

चाळीस दारं बाकी आहेत.
पेटीत आज नुसता बीच, सरळ रेघांचा, कंटाळवाणा.
बरगडीचे तीन तुकडे उरलेत,
पंधरात कापलेले, लेथशेजारच्या फळीवर.
बाराला नऊ कमी.