खाच

शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला होता
बरोबर पुराच्या रेघेच्या वर.
खाली भिंत अजून पोपडे धरून,
वर धोतर ताणल्यासारखं पांढरं कापड.
मी आधी शिवण बघितली. सवय.
डाव्या कोपऱ्याला दुमड सुटली होती.

आमच्या घरचे स्टेजच्या कडेला, खुर्चीवर.
वीस वर्षांत त्यांना बसून वाजवताना पाहिलं नव्हतं.
वरातीत क्लॅरिनेट चालत असतं,
नवरदेवाच्या पुढे, जनरेटरच्या धुरात,
आणि मी घरी, नवरीच्या मावश्यांच्या ब्लाउजांना हुक लावत.
आज लाल कोट नाही, टोपीवर तुरा नाही.
शेजारी मिरजेचे दस्तगीरचाचा, मांडीवर दिलरुबा.
पेटीवर बँकेतल्या केळकर बाई.
समोर कुणी नाचणार नव्हतं,
समोर माणसं भडंग खात होती.

दिवे गेले.
मार्केट यार्डातून थेट आलेल्या हमालांच्या अंगावरची हळद
झोतात उडाली,
आणि थोडा वेळ तीच बघण्यासारखी होती.

मग काळा कागद चालू लागला.
एक मुलगी. तिची सावली राक्षसाने पळवलेली.
ती शोधायला निघते समुद्रापलीकडे,
पंखांच्या घोड्यावर बसून.
मागून एक पोरगं म्हणालं,
"आई, ही तर सगळीच सावली हाय की."
आई म्हणाली, गप.
पण पोरगं बरोबर बोललं होतं.

शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी हे कापलं.
बाईच असणार. बोटं बघा त्या मुलीची,
गव्हाच्या कुसळाएवढी, पाचही वेगळी,
कात्री न उचलता कापलेली.
हात नाही फिरवायचा, कापड फिरवायचं,
हे मला आत्तीने शिकवलं, दोन चापट्या मारून.
हिला कुणी शिकवलं असेल?

घोड्याच्या डाव्या कानाला एक खाच होती.
नक्षी नव्हे. कात्री घसरली होती.
तिथे मी पण घसरले असते, वळण अवघड आहे.
सगळा हॉल घोड्यासोबत समुद्रावरून चालला होता,
मी त्या खाचेसोबत.
रात्र निळी झाली, राक्षसाची गुहा लाल झाली,
खाच तशीच.
तिने दुसरा घोडा कापला नाही.
असेल कागद संपलेला.
किंवा म्हणाली असेल, कोण बघतंय.

गुहेत मुलीला तिची सावली सापडली
आणि सावलीने तिला ओळखलंच नाही.

इथे क्लॅरिनेट यायचं होतं.
आठवडाभर मशीनच्या खडखडाटातून मी ती जागा ऐकली होती:
खालून वर, मग एक लांब सूर,
भाकरी फुगेपर्यंत टिकणारा.
आला नाही.
दस्तगीरचाचांनी गज उचलून धरला.
केळकर बाईंचा भाता फुस्सकन बसला.
तो मुका सिनेमा तेव्हा कुठे खरंच मुका झाला.
पंख्याची टरटर,
भडंगाच्या पुड्याची घडी,
कुणाच्या तरी नाकातला श्वास.
मी पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघितलं.
क्लॅरिनेट ओठांपासून वीतभर लांब,
मान वर, तोंड उघडं,
गालाच्या खळग्यात लाल उजेड.
इतकी वर्षं ज्याच्या फुंकरीवर गाव नाचलं
तो माणूस बघत बसला होता.

चाचा खोकले. गज तारेवर टेकवला.
मग सूर आला, उशिरा,
जरा खाली लागून वर चढला.
लोकांना वाटलं, असंच बसवलंय.
टाळ्या पडल्या त्या तिथेच.

परतताना आयर्विन पुलावर त्यांनी गाडी हळू केली.
"जागा चुकली गं माझी."
मी विचारलं, "घोड्याचा कान बघितला का?"
"कुठल्या घोड्याचा?"
मी काही बोलले नाही.
क्लॅरिनेटची पेटी आमच्या दोघांमध्ये, बरगडीला टोचत.

सकाळी पाटलांच्या सुनेचा ब्लाउज बेतताना
काखेच्या वळणाला कात्री थांबली.
मी कापड फिरवलं.
आतल्या खोलीत ते तीच जागा पुन्हा वाजवत होते,
आता अगदी वेळेवर.