दहावा टाका

उब्रिकेच्या चढावर, चुना फासलेल्या गल्लीत
फिलोमेना बोहोर्केसचं दुकान. पाटी नाही.
खुंटीला एक जुना पट्टा टांगलेला,
ज्याला कळायचं त्याला कळतं.

पार्सल अँटवर्पहून.
टिशूपेपरच्या आत मलमलीची पिशवी, पिशवीत पर्स,
जुन्या वाइनच्या रंगाची, कोपरे झिजून गुलाबी झालेले.
मूठ एकाच अंगाने काळवंडलेली,
अस्तराला पावडरीचा वास
आणि आतल्या कप्प्यात ट्रामचं अर्धं तिकीट.
सोबत चिठ्ठी:
'आजीची आहे. नव्यासारखी करून द्या.
सोनेरी शिक्का पुसला गेलाय, तोही परत उठवा.
अस्सल असल्याचं लेखी हवं. विकायची आहे.'

पहिला दिवस फिलोमेना हातच लावत नाही.
पर्स खिडकीपाशी ठेवते, तोंड उजेडाकडे करून.
आजाऱ्याला आधी बसू द्यावं, म्हणते,
मग विचारावं कुठं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी साबणाचा फेस, मऊ ब्रश,
पितळेच्या कडीला राख.
मग झाकणाखाली, जिथं शिक्का असायचा तिथं,
ती दिवा आडवा धरते.
कातडं काही विसरत नाही.
सोनं उडालं तरी दाबाची खूण राहतेच,
बोटाला लागते, उजेडाला सापडते.
इथं काही नाही.
पुसला गेलेला नाही शिक्का. कधी उठलाच नव्हता.

मान हलवून ती तळाची शिवण उसवायला घेते.
बोटभर अंतरात नऊ टाके सरळ,
दहावा किंचित तिरका.
पुन्हा नऊ सरळ. दहावा तिरका.

हात थांबतो.

कारखान्यात ओब्दुलियाचे टाके ओळीत चालायचे,
मुकादम भिंग घेऊन फिरायचा पाठीमागून.
महिन्यातून दोनदा गाडी यायची, पेट्या पॅरिसला जायच्या,
नाव तिकडं लागायचं.
रात्री इथं, याच खोलीत, तेव्हा हे स्वयंपाकघर होतं,
एप्रनखालून आलेली कातरण
त्याच मापाने, त्याच मेणाच्या दोऱ्याने जुळायची.
हाताला कुठं ठाऊक असतं दिवसपाळी कुठली, रात्रपाळी कुठली.
अशी एक पर्स गेली की फिलोमेनाचे बूट यायचे,
एकदा खोकल्याचं औषध.
आणि दर दहाव्या टाक्याला आई मान वर करायची.
चुलीच्या उबेला पाळणा होता.

आमच्या भाषेत कातडं कमावतात.
मी फिलोमेनाला हे सांगितलं तेव्हा ती हसली,
आणि कुणी कमावलं, असं विचारलं.

कोपऱ्यांना तिने रंग दिला, सात हात,
प्रत्येक हात वाळू देऊन.
मुठीचं काळं तसंच ठेवलं; ते काढलं तर
खालचं कातडंच निघून येईल, हे खरंच कारण होतं.
बॉक्सवुडच्या खुराने घड्या घोटल्या.
मग तळ शिवायला बसली, जुन्याच भोकांतून,
नवीन भोक पाडलं की कातडं फाटतं.
सुई सरळ, सरळ, सरळ.
दहाव्याला भोकच तिरकं,
आणि मान आपोआप वर गेली.

कोपऱ्यात कार्डाचं मशीन चार्ज होत होतं.

बिलावर तिने लिहिलं:
तळ, कोपरे, कडी मिळून एकशे साठ युरो.
शिक्का उठवला नाही, उठवणार नाही.
तिकीट होतं तिथंच ठेवलंय.
'अस्सल' या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं.
खोटं लिहायचं तर आईचा हात खोटा,
खरं लिहायचं तर पॅरिसचं नाव खरं.
शेवटी तिथं एवढंच:
'शिवण ओब्दुलिया बोहोर्केस, उब्रिके, रात्री.
विकायचीच असेल तर आधी मला भाव कळवा.'

अँटवर्पहून अजून काही आलेलं नाही.
पर्स पोचल्याची पावती मात्र आली,
सहीच्या जागी नुसती एक रेघ.