तातडीचं काही नाही

मायणी रोडला, टायरच्या दुकानावर
आमचा दवाखाना. रात्री बारापर्यंत उघडा.
बोर्डावर लाल दिव्यांत ‘तातडीची सेवा’,
त्यातला ‘ता’ गेल्या दिवाळीपासून पेटत नाही.
खालून जाणारी पोरं ‘तडीची सेवा’ वाचतात
आणि एकमेकांच्या पाठीत एकेक ठेवून देतात.

मी केसपेपर लिहिते.
नाव, वय, गाव, तक्रार,
शेवटी एक चौकट : तातडीचं की साधं.
स्वतःहून तातडीचं कुणी म्हणत नाही.
छातीत कळ घेऊन आलेला माणूससुद्धा म्हणाला होता,
जरा गॅस धरलाय, गोळी असली तर बघा.
आणि पोरानं नाकात हरभरा घातला म्हणून
एक बाप अनवाणी जिना चढून आला होता.

बरेचसे दिवसाही येऊ शकले असते.
पण दिवसा माग चालू असतात.

काल साडेदहाला मालन शितोळे आली,
डावा हात पदराखाली.
“आवं, तातडीचं काय न्हाई,” दारातूनच.
“बंद करायची येळ झाली आसंल तर जाते.”
गेली नाही. वजनकाट्याशेजारच्या बाकावर बसली,
तेही अर्धंच, कडेला.

बोट वांग्याच्या रंगाचं. अंगठी आत रुतलेली.
कधीपासून?
“सोमवारपासनं.”
काल गुरुवार होता.
साबण झाला, तेल झालं,
शेजारणीनं सांगितलं म्हणून
रात्रभर हात खुंटीला टांगूनही झाला.
मालक कोइमतूरला, गलाईच्या दुकानात.
वीस वर्षं दुसऱ्यांचं सोनं आटवतात.
“ही त्यांनीच आटवल्याली,” ती म्हणाली,
“लग्नातली न्हवं. नंतरची.”
नंतरची कधीची, ते तिनं सांगितलं नाही
आणि केसपेपरवर त्याला रकाना नाही.

डॉक्टर मुलाणींनी कटर काढला.
चवलीएवढं चाक, बारीक दातांचं.
मालननं हात मागं घेतला.
तोंडानं ‘नको’ म्हणाली नाही,
फक्त हात परत पदराखाली गेला.
डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला,
माझ्याकडं बघितलं :
“सिस्टर नाही म्हणू नका. दोरा आहे का?”

विट्यात दोरा आहे का!
मागच्या बोळातल्या मागावरून
वॉचमन आख्खा कोन घेऊन आला,
वर विचारतो, अजून पाहिजे का.

टोक चिमट्यानं अंगठीखालून ओवलं,
मग नखाच्या दिशेनं वेढे,
एकाला एक लागून, मधल्या पेराच्या पुढंपर्यंत.
आणि आतलं टोक धरून
सावकाश, उलटं उलगडत आणायचं.
एकेक वेढा सुटतो, अंगठी केसभर सरकते.
मालन भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत होती.
पेरावर अडली तेव्हा तिनं डोळे मिटले.
मग निघाली.
माझ्या तळहातावर पडली, गरम.

“फोन लावू का मालकांना?”
“नगं,” ती म्हणाली.
“एवढ्या रात्री काय सांगायचं? अंगठी काढली म्हणून?”
आणि हसली, पहिल्यांदाच,
मग हसायचं राहिलं.

ऐंशी रुपये. सुट्टे होते तिच्याकडं, मोजून आणलेले.
पदराच्या टोकाला अंगठी बांधली, तीन गाठी.
सूज उतरेपर्यंत घालू नका, डॉक्टर म्हणाले.
मान हलवली, उठली, परत बसली.
“जरा पंख्याखाली बसू का?
तातडीचं काय न्हाई.”
बसली. पंधरा मिनिटं.
बोटावरच्या पांढऱ्या खाचेत
दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत.

ती गेल्यावर टेबल आवरलं.
दोरा टाकून द्यायचा, तर
टाकायच्या आधी माझ्याच बोटावर गुंडाळला,
एकाला एक लागून, घट्ट.
माझ्या बोटात काही अडकलेलं नव्हतं.
शेंड्याशी नाडी ऐकू येईपर्यंत धरला,
नख आधी लाल, मग जांभळं.
खाली वॉचमननं बोर्ड बंद केला.
चौकट भरायची राहिलीय, आठवलं,
पण उजवा हात मोकळा नव्हता.